चिरा व मसणवट (नाशिक जिल्हा)

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील (पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी) कोकणा, महादेव कोळी, वारली इ. आदिवासींची अंत्यविधीची जागा (मसणवट) व मृताच्या नावे उभारलेले स्मारक (चिरा). पुरणे व जाळणे या दोन्ही रीती आढळतात. स्मारक सागाच्या खांबाचे किंवा दगडी चिऱ्याचे. माथ्यावर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार, रेषांच्या खाचांत शेंदूर.

उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार चिरा हे यादवकालीन वीरगळांचे (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचे) उतरते रूप होय. सूर्य-चंद्र (आचंद्रार्क, म्हणजे चंद्र-सूर्य असेतो टिकणारी स्मृती) व घोडेस्वार हे त्याचे आधार. परंतु वीरगळातील अप्सरा, शिवलिंगपूजा व कप्प्यांची चढती मांडणी चिऱ्यावर सहसा दिसत नाही. शिवाय ‘वीरगळ’ हा शब्द कन्नड वळणाचा (कल्लु = दगड), तर चिरा म्हणजे नुसता घडीव दगड. लाकडी खांबाची परंपरा स्वतंत्र असून ती पुढे दगडात उतरली, हे दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. लाकूड पावसात कुजते, त्यामुळे जुने खांब हाती लागत नाहीत व कालनिश्चिती अवघड ठरते.

मुंबई इलाख्यात साग व शिसव हे सरकारी वृक्ष मानले जात. १८७८ च्या वन कायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित व ग्रामवने अशी विभागणी केली. त्याच वर्षी पेठ संस्थान खालसा झाले. सुरगाणा १९४८ पर्यंत संस्थान राहिल्याने तेथील क्रम वेगळा. खांबासाठी लागणारा साग आणि मसणवटीची जमीन या दोन्हींवर अशा रीतीने सरकारी शिक्का बसला. दगडाकडचा कल यामुळे वाढला असावा, पण हा तर्क केवळ कालक्रमावर उभा आहे.

मसणवट बहुधा कोणाच्या खात्यावर नसते. धरणाची भरपाई मात्र सातबाऱ्यावरून ठरते, त्यामुळे वनजमिनीतील चिरे हिशेबात सहसा येत नाहीत. इगतपुरी-त्र्यंबक भागातील ऊर्ध्व वैतरणा हे या पट्ट्यातील एक धरण; त्याचे पाणी मुंबईला जाते.

२००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत (नियम १३) दफनभूमी, विहिरी व पवित्र स्थळे हे वहिवाटीचे पुरावे म्हणून मान्य आहेत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला गेलेल्या शेतकरी मोर्चात वनहक्क दावे ही एक प्रमुख मागणी होती. पार-तापी-नर्मदा या नदीजोड प्रकल्पात योजलेल्या सात धरणांपैकी झरीचे धरण याच जिल्ह्यातले.