सातव्या बँडची गोष्ट

लँडसॅट उपग्रहावरच्या थीमॅटिक मॅपर या उपकरणाचे सात बँड, म्हणजे ते टिपत असलेले प्रकाशाचे ठरावीक पट्टे, तरंगलांबीनुसार ओळीने मांडले, तर आकडे पुढेमागे होतात. सहावा बँड उष्णतेचा, १०.४ ते १२.५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सातवा मात्र त्याच्या आधी येतो, २.०८ ते २.३५ मायक्रॉनवर. आराखडा ठरल्यावर भूशास्त्रज्ञांनी आणखी एका खिडकीसाठी आग्रह धरला, म्हणून ती शेवटी जोडली गेली आणि तिला सात हा आकडा मिळाला. जुलै १९८२ मध्ये लँडसॅट-४ बरोबर ती अवकाशात गेली.

हा आग्रह कशासाठी होता, ते तांब्याच्या साठ्यावरून कळतं. जगातलं बरंचसं तांबं ‘पॉर्फिरी’ साठ्यांमधून येतं. जमिनीखाली शिलारस थंड होताना त्यातून निघालेलं तप्त, क्षारयुक्त पाणी भेगाभेगांतून फिरतं आणि भोवतालचा खडक अक्षरशः शिजवतं. गाभ्याजवळच्या फेल्डस्पारचं सेरिसाइट नावाचं बारीक अभ्रक होतं, काही भागात केओलिनाइट, म्हणजे चिनी मातीतलं मुख्य खनिज तयार होतं आणि बाहेरच्या कड्यात हिरवट क्लोराइट व एपिडोट येतात. तांबं बहुधा खोल दडलेलं असतं, पण ही शिजलेली वलयं कित्येक किलोमीटर पसरतात. सावज दिसत नाही, माग दिसतो.

हा माग डोळ्यांना मात्र नीट दिसत नाही. आपली नजर ०.७ मायक्रॉनच्या आसपास संपते आणि अशा खनिजांमधला अॅल्युमिनियम-हायड्रॉक्सिल बंध २.२ मायक्रॉनजवळचा प्रकाश गिळतो. क्लोराइट तोच प्रकार २.३३च्या आसपास करतं. लँडसॅटच्या सातव्या बँडमध्ये हे सगळं एकत्र मिसळायचं. डिसेंबर १९९९ मध्ये टेरा उपग्रहावर गेलेल्या ‘अॅस्टर’ या जपानी उपकरणाने त्याच पट्ट्याचे पाच तुकडे केले आणि सेरिसाइट, केओलिनाइट, क्लोराइट वेगवेगळे ओळखता येऊ लागले.

संगणकावर होणारं पहिलं काम म्हणजे साधा भागाकार. अॅस्टरच्या पाचव्या आणि सातव्या बँडच्या बेरजेला सहाव्याने भागलं, की सेरिसाइट असलेले ठिपके उजळतात, कारण सहावा बँड नेमका त्या २.२च्या खड्ड्यात बसतो. भागाकाराचा दुसरा फायदा मला फार सुंदर वाटतो. डोंगराच्या सावलीत सगळेच बँड साधारण सारख्या प्रमाणात काळवंडतात, त्यामुळे भागताना सावली बरीचशी कटते आणि खडकाची खूण उरते.

अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातल्या जॉन मार्स आणि लॉरेन्स रोवन यांनी २००६ मध्ये इराणच्या झाग्रोस पट्ट्याचा असा नकाशा प्रसिद्ध केला. सारचेश्मेसारख्या माहीत असलेल्या तांब्याच्या खाणींभोवती जशी खूण दिसत होती, तशी ती आणखी कुठे आहे हे त्यांना एवढ्या मोठ्या मुलखावर एकाच मोजपट्टीने पाहता आलं. अॅस्टरचा हा भाग २००८ मध्ये बंद पडला, तरी त्याआधीची चित्रं आजही वापरात आहेत. दीड-दोन दशकांत उघडा खडक फारसा बदलत नाही.

पण उजळलेला ठिपका म्हणजे खाण नव्हे. साध्या झिजेनेही केओलिनाइट तयार होतं आणि अभ्रकयुक्त शिस्ट खडक सेरिसाइटसारखाच चमकतो. म्हणून त्या चित्रावर भ्रंशरेषा, चुंबकीय मोजणी, ओढ्यांतल्या गाळाचं रासायनिक पृथक्करण आणि जुन्या सर्वेक्षणांचे अहवाल एकावर एक ठेवायचे. जिथे तीन-चार पुरावे जुळतात तिथेच माणसं पाठवायची. ड्रिलिंग महाग असतं, त्यामुळे कुठे जायचं नाही हे आधीच ठरणं ही टेबलावरच्या कामाची खरी कमाई आहे.

शिवाय उपग्रहाला दिसते ती फक्त खडकाची कातडी, मिलिमीटरहूनही पातळ. ही पद्धत नेवाडा, इराण, आटाकामा अशा कोरड्या, उघड्या प्रदेशांत फळते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टखाली झाकलेला आहे आणि त्या झाकणाखाली काय आहे ते असं चित्र सांगू शकत नाही. नागपूर-भंडाऱ्याचं मँगनीज आणि गडचिरोलीचं लोखंड हे झाकण नसलेल्या जुन्या खडकांत आहे. कोकणात झाडोराच आड येतो.

सह्याद्रीवरचे जांभ्याचे सडे मात्र उन्हाळ्यात उघडे पडतात. तिथल्या बॉक्साइटमधलं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या धातुकातलं, गिब्साइट हे खनिज २.२७ मायक्रॉनजवळ आपली खूण देतं, म्हणजे हे सडे या नजरेला सहज सापडण्यासारखे आहेत. मला काळजी वाटते ती इथेच. मार्चच्या चित्रात कासचं पठार म्हणजे नुसता रखरखीत जांभा. त्यावर फुलं येतात ती पावसाळ्यात, नेमकी जेव्हा ढगांमुळे वरून काही दिसत नाही. म्हणून सड्यांचा विचार करताना बँडचा भागाकार करण्याआधी, वनस्पतिशास्त्रज्ञांनी पावसात चालून केलेला नकाशा सगळ्यात खालचा थर म्हणून ठेवायला हवा.