सीमेवर मावणारी गुंफण

निसर्गाचे मूलभूत नियम सापडले की पदार्थांचे गुणधर्म काढणे हे केवळ मोठ्या संगणकाचे काम उरते, असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. श्रोडिंगरने आपले समीकरण 1926 मध्येच मांडले. तरीही असंख्य कणांच्या एकत्रित वर्तनाचा, म्हणजेच क्वांटम बहुकण प्रणालींचा, अभ्यास करणाऱ्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांपुढचे प्रश्न संपलेले नाहीत.

अडचण संख्येची आहे. प्रत्येक स्पिन, म्हणजे कणाचे जणू चिमुकले चुंबक, वर किंवा खाली एवढेच धरले, तरी 100 स्पिनच्या साखळीच्या मांडण्या 1 वर 30 शून्यांहूनही अधिक होतात, आणि तिची क्वांटम अवस्था लिहायला प्रत्येक मांडणीसाठी एक संख्या लागते. इतक्या संख्या कोणत्याही संगणकात मावणार नाहीत.

आता ही साखळी मधोमध कापली आहे अशी कल्पना करा. संपूर्ण अवस्था डावीकडची एक आणि उजवीकडची एक अशा अवस्थांच्या जोड्यांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि प्रत्येक जोडीला तिचे वजन असते. एकच जोडी पुरली तर दोन्ही अर्धे एकमेकांपासून स्वतंत्र असतात. जितक्या अधिक जोड्यांमध्ये वजन विखुरलेले, तितकी त्यांची गुंफण दाट. यदृच्छेने निवडलेल्या अवस्थेत तुल्यबळ जोड्यांची संख्या साखळीच्या लांबीबरोबर घातांकी वेगाने वाढते. परंतु स्पिनांचा परस्परप्रभाव शेजाऱ्यांपुरता असेल, आणि किमान ऊर्जेची अवस्था व तिच्या वरची अवस्था यांच्यात ऊर्जेचे ठरावीक अंतर असेल, तर किमान ऊर्जेच्या अवस्थेत छेदापासून दूरच्या स्पिनांचा पलीकडच्या अर्ध्याशी संबंध जवळजवळ उरत नाही. गुंफण छेदाजवळच साठते, आणि साखळी कितीही लांबवली तरी ती एका मर्यादेपलीकडे जात नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ हेस्टिंग्ज यांनी 2007 मध्ये सिद्ध केले.

अशा साखळीची अवस्था संगणकावर काढण्याच्या स्टीव्हन व्हाइट यांच्या 1992 च्या पद्धतीचे यश यावरच उभे आहे. प्रत्येक छेदावर वजनदार अशा 100 जोड्या ठेवल्या, तर 100 स्पिनसाठी सुमारे 20 लाख संख्या पुरतात. स्पिन-1 साखळीत, म्हणजे प्रत्येक स्पिनला दोनऐवजी तीन अवस्था असलेल्या साखळीत, असे ऊर्जा-अंतर असते, हे भौतिकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांचे 1983 चे भाकीत याच पद्धतीने काटेकोरपणे तपासले गेले.

याच गुंफणीचे नाव घेऊन दूरस्थ उपचार आणि मनामनांतील संदेशवहन विकले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. केवळ गुंफणीतून कोणताही संदेश पाठवता येत नाही, हे क्वांटम सिद्धांतातूनच निष्पन्न होते.

द्विमितीय पदार्थांत मात्र आकाराबरोबर छेदाची लांबीच, आणि तिच्यासोबत गुंफण, वाढत जाते, आणि संतुलनातून ढळलेल्या साखळीत गुंफण सहसा काळाबरोबर वाढत राहून आवश्यक जोड्यांची संख्या घातांकी वेगाने फुगते. आजचे बरेचसे संशोधन या दोन अडथळ्यांभोवतीच चालले आहे.