हायब्रिड आयईएम पारखण्याची पार्श्वभूमी: टार्गेट कोणाचं, कान कोणाचे?

हायब्रिड इअरफोन, म्हणजे दोन वेगवेगळ्या प्रकारचे ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) असलेले आयईएम (इन-इअर मॉनिटर, कानाच्या आत बसणारे इअरफोन), मराठवाड्यातल्या वसतिगृहांत खऱ्या अर्थाने पोचले ते 2017-18 च्या सुमारास. 2016 मध्ये फोर-जी डेटा स्वस्त झाला. लातूर आणि तेव्हाच्या औरंगाबादमध्ये क्लासेससाठी राहणारी मुलं मोबाइलवर लेक्चर ऐकू लागली, मग गाणी. त्याच काळात दक्षिण चीनमधले कारखाने एक डायनॅमिक ड्रायव्हर (पडद्याचा, खालच्या स्वरांसाठी) आणि एक-दोन बीए (बॅलन्स्ड आर्मेचर, वरच्या स्वरांसाठीचे चिमुकले ड्रायव्हर) एकाच कवचात बसवून दीड-दोन हजारांत विकू लागले. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असे: ड्रायव्हर किती?

ही जोडणी काही नवी नव्हती. बीए आधी श्रवणयंत्रांत वापरला जात असे. 1990 च्या दशकात तो स्टेजवरच्या गायक-वादकांच्या कानात गेला, आणि 2011 मध्ये एका ऑस्ट्रियन कंपनीने एक डायनॅमिक व दोन बीए असलेला, हजार डॉलरहून महाग इअरफोन काढला. आपल्याकडच्या शौकिनांना तो ऐकायला मिळण्याची सोयच नव्हती. चांगला हायब्रिड कसा वाजतो हे कानावर पडण्याआधी स्वस्त हायब्रिड हातात आला, आणि पुढच्या गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं.

त्या पहिल्या लाटेतल्या बऱ्याच इअरफोनमध्ये बीए थेट नळीच्या तोंडाशी बसवलेला असे. खालचे स्वर अडवायला एखादा कपॅसिटर, बाकी डायनॅमिक मोकळा सोडलेला. परिणामी खाली दणका, वर 8 ते 10 किलोहर्ट्झच्या आसपास टोचरा आवाज आणि मधला गळा मागे ढकललेला. अनेकांनी यालाच ‘डिटेल’ समजलं. यावर उतारा म्हणून आलेख आला, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला आवाज किती मोठा येतो हे मोजून काढलेली रेघ, आणि त्याने मोठं काम केलं हे मान्य करायलाच हवं. ड्रायव्हरची संख्या सांगून भुलवणं त्यानंतर अवघड झालं.

खरा वाद आलेखामागच्या टार्गेटचा, म्हणजे ज्या आदर्श वक्राशी आलेख ताडून पाहतात त्याचा. आज जे टार्गेट बहुतेक शौकीन डोळे झाकून वापरतात, ते अमेरिकेतल्या एका ऑडिओ कंपनीच्या संशोधनातून आलं. आधी 2013 मध्ये मोठ्या हेडफोनसाठी, मग 2016 मध्ये इन-इअरसाठी, आणि 2019 पर्यंत त्यात सुधारणा होत गेल्या. पद्धत साधी आणि प्रामाणिक होती: लोकांना वेगवेगळं ट्यूनिंग ऐकवायचं आणि आवडलेलं नोंदवायचं. इन-इअरसाठी लोकांनी हेडफोनपेक्षा जास्त बेस पसंत केला, म्हणून वक्रात तो आला. म्हणजे हा वक्र लोकांची पसंती सांगतो. पण आपल्याकडच्या शौकिनांच्या गटांत तो अचूकतेचा दाखला म्हणून वाचला गेला. त्याच मंडळींच्या हेडफोनवरच्या अभ्यासात 64 टक्के लोक टार्गेटच्या बाजूने होते, 15 टक्क्यांना आणखी बेस हवा होता आणि 21 टक्क्यांना कमी. कमी बेस मागणाऱ्यांत स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेले जास्त. एक तृतीयांशाहून जास्त लोक जिथे वेगळं मागतात, तिथे ‘टार्गेटपासून दूर म्हणजे वाईट’ हा निकाल टिकत नाही. शिवाय त्या चाचण्यांतली गाणी मुख्यतः पाश्चात्त्य पॉप, रॉक, जॅझ अशी होती. पैठणच्या नाथषष्ठीला येणाऱ्या दिंडीतला पखवाज त्यात नव्हता.

पखवाजाचा मुद्दा मी मुद्दाम पुढे करतो. डाव्या पुडीला कणीक लावलेली, उजवीला शाई. डावीची घुमार डायनॅमिककडे जाते, उजवीच्या थापेची धार बीएकडे. दोन ड्रायव्हरांचा मेळ बसला नसेल तर एकच वाद्य दोन जागी वाजल्यासारखं ऐकू येतं. तुळजापूरच्या गोंधळातल्या संबळाचंही तेच. टाळांच्या नादात बीएची कोरडी, धातूची चव लगेच उघडी पडते, आणि नांदेडच्या कीर्तनात गळा हार्मोनियममागे गेला की मध्यस्वरांचं ट्यूनिंग फसलं हे कळतं. आलेखात या मेळाचा पुरता पत्ता लागत नाही. मात्र रेकॉर्डिंग निवडून घ्यावं लागतं. मोबाइलवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये फोन स्वतःच आवाज खाली-वर करतो, आणि जुन्या भजनांच्या कॅसेटवर इको इतका असे की त्यावरून कोणत्याच इअरफोनचा निवाडा होऊ नये.

आलेख ज्या यंत्रावर निघतो त्याच्याही मर्यादा आहेत. कृत्रिम कानाचं मानक 1981 चं, ‘711’ नावाने ओळखलं जाणारं. 10 किलोहर्ट्झच्या वर ते माणसाच्या कानाची नक्कल करत असल्याचा दावाच करत नाही. इअरफोन किती आत बसवला त्यावर 8 किलोहर्ट्झजवळचा उंचवटा सरकतो. आपल्याकडे आलेख काढणारे बहुतेक जण त्याच्या स्वस्त नकला वापरतात. नेमक्या ज्या पट्ट्यात हायब्रिडचा बीए टोचतो, तिथेच आलेख सर्वात कमी भरवशाचा ठरतो. तिथे कान आणि टिप्स (इअरफोनच्या तोंडावरच्या रबरी टोप्या) हेच प्रमाण. टिप नीट बसली नाही तर बेस गळतो, आणि दोष ड्रायव्हरला लागतो.

आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. अनेक हायब्रिडचा इम्पीडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो, म्हणून ज्या यंत्राचा आउटपुट इम्पीडन्स जास्त, त्यावर ट्यूनिंगच बदलतं. जुन्या फोनच्या जॅकवर दिलेले आणि आजच्या डोंगलवर (फोनला लावायच्या छोट्या जॅक-जोडणीवर) दिलेले निकाल एका पंक्तीत बसवता येत नाहीत.

गेल्या काही वर्षांत 5128 हे नवं मापनयंत्र आणि त्यासोबत थोडी उतरती (खालच्या स्वरांकडून वरच्यांकडे आवाज हळूहळू कमी होत जाणारी) टार्गेट्स आली. त्याच्या कानाची रचना खऱ्या कानाच्या जास्त जवळ आहे. खालच्या आणि अगदी वरच्या पट्ट्यात त्याचे आकडे 711 शी जुळत नाहीत. तरीही 711 वर काढलेल्या जुन्या आलेखांवर नवं टार्गेट ठेवून इअरफोन नापास केले जात आहेत. असा निकाल तरी बाद धरावा लागेल, मग तो नव्या टार्गेटच्या नावाने दिलेला असो.