भाड्याने दिलेलं घर विकल्यावरचा इन्कम टॅक्स

काही वर्षं भाड्याने दिलेला फ्लॅट विकला की भारतात त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये दोन हिशोब येतात. विक्रीपर्यंत मिळालेलं भाडं 'हाऊस प्रॉपर्टी'त जातं आणि विक्रीचा नफा 'कॅपिटल गेन'मध्ये, त्यामुळे नोकरदारांचा नेहमीचा आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे घर भाड्याने दिलं होतं म्हणून कलम 54 ची सूट (नफा दुसऱ्या घरात घातला की त्यावरचा टॅक्स वाचतो ती) गेली. अजिबात जात नाही! घर राहण्याचं हवं आणि 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ आपल्याकडे हवं, स्वतः त्यात राहायलाच पाहिजे अशी अट नाही. नफा दुसऱ्या घरात घालायचा, विक्रीच्या 1 वर्ष आधी किंवा नंतर 2 वर्षांत विकत घेऊन, नाहीतर 3 वर्षांत बांधून. रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर बँकेत कॅपिटल गेन खातं उघडून त्यात ठेवायचे, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

आता आकडे बघा. 2012-13 मध्ये 40 लाखांना घेतलेला फ्लॅट 2025-26 मध्ये 90 लाखांना विकला. सरळ नफा 50 लाख, त्यावर 12.5 टक्के म्हणजे सव्वासहा लाख. पण 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) लावून 20 टक्क्यांचा पर्याय आहे, सरकारी महागाई निर्देशांक 200 वरून 376 झाला म्हणून खरेदी धरायची 75.20 लाख, नफा उरतो 14.80 लाख आणि टॅक्स 2.96 लाख (सेस वेगळा). म्हणून दोन्ही पद्धतींनी करून बघायलाच हवं.

भाड्याचा खरा परिणाम खर्चाच्या बाजूला होतो. होम लोनचं जे व्याज भाड्यातून वजा करून घेतलं ते खरेदी किमतीत परत धरता येत नाही, 2023 च्या फायनान्स अ‍ॅक्टने हे स्पष्टच केलं. भाडेकरू गेल्यावर मारलेला रंग, नळदुरुस्ती, सोसायटीचा मेंटेनन्स यातलं काहीच किमतीत येत नाही, कारण भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट आधीच मिळालेली असते. वाढवलेली खोली मात्र येते, बिलं जपली असतील तर.

भारतात अशा घरावर घसारा (झिजेपोटी दरवर्षीची वजावट) नसतो, अमेरिकेत असतो. तिथे टॅक्स भरणाऱ्या मराठी माणसाने पुण्यातला भाड्याचा फ्लॅट विकला तर तिथल्या रिटर्नमध्ये तो घसारा, घेतलेला असो वा नसो, हिशोबात येतो आणि त्यावर 25 टक्क्यांपर्यंत दर लागू शकतो. इकडे एनआरआयला इंडेक्सेशनचा पर्यायही नाही.

किंमत 50 लाख किंवा जास्त असली की निवासी विकणाऱ्याचा 1 टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कापलेला टॅक्स, खरेदीदार किमतीतून कापतो. वरच्या उदाहरणात ते 90 हजार, 26एएस मध्ये (आपल्या नावावर जमा टॅक्सचा सरकारी तक्ता) दिसतायत का बघून मगच रिटर्न भरायचं.