‘अ’ कोणाचा, ‘ब’ कोणाचा? कोकणातल्या नगरसेवकाच्या जबाबदारीची पार्श्वभूमी

२ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, २१ तारखेला मोजणी झाली आणि रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, तिकडे अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन अशा गावांत लोकांनी निवडलेली माणसं पुन्हा सभागृहात बसली. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. त्याआधीचं मतदान २०१६ चं. म्हणजे या वेळच्या वचननाम्यांत पाच नव्हे, नऊ वर्षांची तुंबलेली कामं उतरली. पाणी, गटार, मच्छीमार्केट, पार्किंग, मोकाट गुरं. नव्या नगरसेवकाकडून रहिवाशांनी काय मागायचं आणि त्याने कशाचा शब्द द्यायचा, हा घोळ मात्र या निवडणुकीचा नाही, बराच जुना आहे.

अगदी जुनं थोडक्यात सांगता येईल. रत्नागिरी, वेंगुर्ले या नगरपालिका १८७६ च्या. तेव्हाचा सदस्य लोकांना नव्हे, सरकारला उत्तर देई. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर निवडून येणारे वाढले, १९०१ च्या कायद्यात पालिकेच्या कर्तव्यांची यादी आली आणि १९६५ च्या अधिनियमात तीच यादी वाढून आली. दिवाबत्ती, सफाई, गटारं, पाणी, आग विझवणं, स्मशानभूमी, जन्ममृत्यूची नोंद ही बंधनकारक कामं. बागा, वाचनालयं ही ऐच्छिक. पण ही सगळी कर्तव्यं परिषदेची आहेत. एकट्या सदस्याने काय करावं यावर कायदा फार बोलत नाही. काय करू नये यावर बोलतो. परिषदेच्या ठेक्यात स्वतःचा हिस्सा नको, परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना दांडी नको, स्वतःचं अनधिकृत बांधकाम नको. बिलावर सही मुख्याधिकाऱ्याची. वेंगुर्ल्याचा कचरा डेपो लोक तिकीट काढून बघायला जातील इतका नीटनेटका झाला, तेव्हाही नाव निघालं ते एका मुख्याधिकाऱ्याचं.

खरा गुंता प्रभागाचा. पूर्वी ‘आमचा वॉर्ड’ म्हटलं की एक माणूस डोळ्यांसमोर यायचा. २०११ ला चार-चार जणांचे प्रभाग झाले, २०१६ ला दोन-दोनांचे. २०२० मध्ये पुन्हा एकेकाचे करायचं ठरलं, २०२१ मध्ये ते फिरवून परत दोन-दोनांचे. मधल्या काळात त्या एकेकाच्या वॉर्डावर नगरपरिषदेची निवडणूक झालीच नाही, त्यामुळे तो फक्त कागदावर राहिला. वीस सदस्यांच्या नगरपरिषदेत आता दहा प्रभाग, प्रत्येकात ‘अ’ आणि ‘ब’. मतदाराने तीन मतं द्यायची: एक ‘अ’ला, एक ‘ब’ला, एक नगराध्यक्षाला.

आता ‘अ’ म्हणजे काय? जागेचं नाव. आरक्षण टाकायला आणि यंत्रावर उमेदवार वेगळे दाखवायला केलेली खूण. ‘अ’ची हद्द नाही, ‘ब’ची हद्द नाही, दोघंही पूर्ण प्रभागाचे. पण गावात हे कोणी असं धरत नाही. महिनाभरात दोघे मिळून आपसांत वाटणी करतात. देवळापासून वरचा भाग एकाचा, खालची वाडी दुसऱ्याची. २०१६ नंतर आमच्या पाणंदीच्या तोंडावरचा दिवा गेला होता. आधी ‘अ’ला फोन केला. उत्तर आलं, “तो खांब ‘ब’च्या वाटेक येता, तेंकाच सांगा.” ‘ब’ला सांगितलं तर म्हणे, तुम्ही वरचे, तुमचे ते. गणपतीत आम्ही बॅटऱ्या घेऊन आरतीला गेलो. शेवटी दिवा लागला तेव्हा वायरमनला विचारलं, कोणी पाठवलं? तो म्हणाला, “कोणीतरी हापिसात अर्ज टाकलेलो.”

दोन सदस्यांमुळे महिलांचं ५० टक्के आरक्षण सुटसुटीत बसतं, असं समर्थन केलं जातं, आणि हिशेबापुरतं ते बरोबर आहे. पण एका जागेच्या वॉर्डातही आरक्षण सोडतीने बसतंच. सतरा जागांच्या नगरपंचायतींत ते तसंच चालतं. दोघांचा प्रभाग सोयीचा पडतो तो पक्षांना. दोन नावांचं पॅनेल केलं की एकाच्या जिवावर दुसरा निघतो. आणि रहिवाशाला जाब विचारायला एक तोंड उरत नाही.

नगराध्यक्षाच्या बाबतीतही असंच मागेपुढे झालं. २०१६ ला थेट जनतेतून, २०२० ला सदस्यांतून, २०२२ ला परत थेट. थेट निवडीत अध्यक्ष एका बाजूचा आणि सभागृहातलं बहुमत दुसऱ्या बाजूचं, असं होऊ शकतं. मग वॉर्डातल्या नळजोडणीचा ठरावही दोघांच्या ताणाताणीत लोंबकळतो. नगरसेवकाने दारात दिलेला शब्द इथे अडकतो आणि लोक म्हणतात, हा पण तसलाच निघाला.

नगरपंचायतींची गोष्ट थोडी वेगळी. कणकवली आधीची, पण २०१४ च्या निर्णयानंतर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, त्यांच्या जोडनावांतच गावं दिसतात. देवगड-जामसंडे, कसई-दोडामार्ग, वाभवे-वैभववाडी. तिथे एका वॉर्डाला एकच नगरसेवक, ही जमेची बाजू. गेली ती ग्रामसभा. पूर्वी माणूस उभा राहून सरपंचाला विहिरीच्या पंपाचं विचारायचा आणि ते इतिवृत्तात यायचं. कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या एका भागातल्या मतदारांच्या सभेची, सोय आहे, पण आपल्याकडे ती भरलेली मी तरी पाहिली नाही. रोजगार हमीची ग्रामीण योजनाही गेली, कारण गाव आता ‘शहर’. आंब्याच्या कलमांतून जाणारी वाट तीच राहिली.

चिपळूणचं उदाहरण मुद्दाम शेवटी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि पाच-सहा महिन्यांत नगरसेवकांची मुदत संपली. गाळ आणि पूररेषेचा प्रश्न त्यानंतरही गाजत राहिला तेव्हा वॉर्डातून निवडून आलेलं कोणी खुर्चीवर नव्हतं. पुढे प्रचारात नदीतला गाळ काढू, निळ्या-लाल पूररेषेतून बांधकामं सोडवू, असे शब्द सर्रास दिले गेले. नदी आणि पूररेषा दोन्ही पाटबंधारे खात्याच्या अखत्यारीत. तसंच मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याचं. जेटी बंदर खात्याची, भरतीरेषेजवळचं साधं शौचालय बांधायचं तरी सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखालची, परवानगी. नगरसेवकाच्या हातात राहतं ते सभेत विषय मांडणं, ठराव करून घेणं आणि त्याची नक्कल घेऊन त्या त्या ऑफिसात खेपा घालणं.

डिसेंबरात निवडून आलेल्यांसमोर पहिली मोठी गोष्ट आली ती अंदाजपत्रकाची. २०२५-२६ चं अंदाजपत्रक प्रशासकाच्या सहीचं, त्यात त्यांच्या वॉर्डासाठी काय आहे ते आधीच ठरलेलं. त्यांनी अंदाजपत्रकात मांडलेलं पहिलं काम निघायचं तर ते १ एप्रिल २०२६ नंतरच, आणि मे संपता संपता पाऊस सुरू होतो.