देवचार, चेटकीण आणि पुस्तकातली चिठ्ठी

बेळगावच्या कॅम्पात आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. वरच्या दोन फळ्यांवर इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आणि त्यातल्या बऱ्याच पुस्तकांच्या आतल्या पानावर टाइप केलेली चिठ्ठी. ‘जादू : आहे. शिवीगाळ : नाही. मारामारी : थोडी. प्रेमप्रसंग : नाही.’ डिंक पिवळा पडलाय, अक्षरं पुसट झालीत. एका चिठ्ठीखाली कुणीतरी बॉलपेनने ‘शेवटी सिंह जिवंत होतो’ असंही लिहून ठेवलंय, म्हणजे सावध करण्याच्या भरात गोष्टच फोडली.

गेल्या उन्हाळ्यात खानापूरच्या माझ्या मावशीची नात त्यातलं एक जाडजूड पुस्तक घेऊन गेली. मावशीने पुस्तक उलटंपालटं केलं, चित्रं बघितली, चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, “ते ऱ्हाऊ दे. ह्यात कुणाच्या अंगात येतंय काय गा?”

चिठ्ठीत या प्रश्नाला रकानाच नव्हता. चिठ्ठीतले प्रश्न अमेरिकेतून आलेले, मावशीचा प्रश्न तिच्या अंगणातला. दोन्हींचा माग काढायचा तर बराच मागे जावं लागतं.

धार्मिक मजकूर अद्भुताच्या भांड्यात घालावा की नाही, हा प्रश्न मराठीत पहिल्यांदा उभा राहिला तो घाटाखाली, गोव्यात. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं, म्हणजे कॅथलिक पाद्र्याचं, ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं काढून घेतली होती, आणि मग वाचायचं काय, हा त्यांचा सवाल होता. स्टीफन्सने उत्तर म्हणून पुराणच दिलं. छंद ओवीचा, थाट पुराणाचा, आणि स्वर्गाला शब्द वापरला ‘वैकुंठ’. आजच्या एखाद्या कडक पाळकाच्या हातात ते हस्तलिखित दिलं तर पहिल्याच पानावर लाल पेन चालेल. पण त्या काळच्या वाचकाला वैकुंठ म्हटल्यावर वरचं, उजेडाचं, देवाचं ठिकाण डोळ्यासमोर यायचं आणि स्टीफन्सला तेवढंच हवं होतं.

घाटावर गोष्ट वेगळी घडली. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात सुरू झालं. ही प्रॉटेस्टंट मंडळी शाळा आणि छापखाना यांवर भर देणारी. गोष्टीवेल्हाळपणाबद्दल त्यांना संशयच जास्त. त्यांनी अद्भुताला एकच दार उघडं ठेवलं, ते जॉन बनियनच्या १६७८ च्या रूपककथेचं. हरि केशवजी यांनी १८४१ साली तिचं मराठी केलं, ‘यात्रिकक्रमण’. त्यात अपोल्योन नावाचा राक्षस वाट अडवतो. अंगावर माशासारखे खवले, पाय अस्वलाचे, पंख, सिंहाचा जबडा आणि पोटातून आग नि धूर. आमच्या कपाटात बनियनचीही एक प्रत आहे. तिच्यावर मात्र कुणी कधी चिठ्ठी लावलेली नाही.

याच बेळगावात १८३१ साली बाबा पदमनजी जन्मले, इथल्याच मिशन शाळेत शिकले, १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५७ साली त्यांचं ‘यमुनापर्यटन’ आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून शाळेत आपण तिचं नाव पाठ करतो, पण ती कशी आहे ते फारसं कुणी सांगत नाही. यमुना नवऱ्याबरोबर फिरते, गावोगाव विधवांची दैना बघते. ना राक्षस, ना जादूची अंगठी. अगदी रखरखीत वास्तव. गंमत अशी की पाठोपाठ १८६१ साली आलेल्या हळब्यांच्या ‘मुक्तामाला’पासून मराठी कादंबरी राजवाडे, भुयारं, हरवलेल्या राजकन्या यांत रमली, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टीही मराठीत आणल्या. म्हणजे वाटणी झाली. ख्रिस्ती मराठी लेखकाने वास्तव आणि आत्मचरित्र घेतलं, अद्भुत बाकीच्यांनी नेलं. पदमनजींचं ‘अरुणोदय’, पुढे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. या ओळीत एकही परी सापडायची नाही. माझं मत विचाराल तर त्या वाटणीची किंमत आपण अजून भरतोय. अद्भुत हवं असलं की मराठी ख्रिस्ती पोर थेट इंग्रजीकडे धावतं, आणि इंग्रजी पुस्तकासोबत इंग्रजी धास्ती घरात येते.

ती धास्ती कुठली, ते आता बघू. इंग्लंडात जॉर्ज मॅकडोनल्ड या स्कॉटिश माजी पाळकाने १८५८ पासून परीकथेतून श्रद्धेबद्दल लिहायला सुरुवात केली. त्याच्या वाचनाने घडलेल्या सी. एस. लुईसच्या नार्नियाच्या गोष्टींचे सात भाग १९५० ते १९५६ मध्ये आले, आणि त्याचा मित्र टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड १९५४-५५ मध्ये. टोल्किन पक्का कॅथलिक, पण त्याच्या त्या जगात ना चर्च आहे ना प्रार्थनेचा पाट मांडलेला. लुईसच्या जगात तर ‘गहन जादू’ हे सृष्टीच्या नियमालाच दिलेलं नाव. या दोघांवर त्यांच्या देशात फार गदारोळ झाला नाही.

गदारोळ अमेरिकेत झाला. मॅडलिन लेंगलच्या १९६२ च्या कादंबरीत स्फटिकाच्या गोळ्यात बघणारी बाई आहे, आणि अंधाराशी लढणाऱ्यांच्या यादीत येशूच्या नावासोबत बुद्ध आणि गांधीही आहेत. काही ख्रिस्ती पालकांना ही यादीच सहन झाली नाही. ज्या बेळगावात १९२४ साली गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बसले, तिथल्या मंडळीला ही तक्रार कशी समजावून सांगायची ते मला अजून जमलेलं नाही. १९८० च्या दशकात तिकडे सैतानपूजेची मोठी भीती पसरली, फाशांवर खेळायचे खेळसुद्धा त्यात सापडले. मग १९९७ पासून हॅरी पॉटर आला आणि बायबलमधल्या ‘अनुवाद’ पुस्तकाचा अठरावा अध्याय, जिथे शकुन पाहणं, मंत्रतंत्र आणि मृतांचा सल्ला घेणं मना केलंय, तो मुलांच्या पुस्तकांवर लावला जाऊ लागला. जादू चांगल्या पात्राने केली की वाइटाने, ती अंगची देणगी आहे की मंत्राने बोलावलेली, असे बारीक रकाने तेव्हाच पडले. आमच्या कपाटातली चिठ्ठी त्या वंशातली आहे.

रकाने वाईट नाहीत. आईबापाला कळायला हवं. फक्त ते दुसऱ्याच घराच्या मापाने कापलेत.

लुईसच्या नार्नियाचा १९५६ चा शेवटचा भाग घ्या. शत्रू सावळे, पागोटेवाले, दक्षिणेकडचे. त्यांच्या देवाला गिधाडाचं डोकं आणि चार हात. तिकडच्या वाचकाला तो नुसता भयंकर प्राणी. इथे चार हातांची मूर्ती शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात असते, आणि वर्गातली निम्मी पोरं सावळी असतात. शेजारच्या घरातून गणपतीत मोदक येतात नि आमच्याकडून नाताळात करंज्या जातात. हे पान वाचून झाल्यावर मुलाशी बोलावं लागतं. पण चिठ्ठीत त्याचा उल्लेख नाही. तसंच १९८६ साली फ्रँक पेरेट्टीच्या कादंबरीने देवदूत आणि दुरात्म्यांची लढाई एका अमेरिकन गावावर आणली. तिथे ध्यानधारणा करणारे लोक सैतानाच्या कटात सामील. ‘जादू : नाही’ म्हणून असं पुस्तक चिठ्ठीतून बिनदिक्कत पास होतं.

मावशीच्या प्रश्नाची मुळं सौंदत्तीच्या वाटेवर आहेत. यल्लम्माच्या डोंगरावर अंगात येणं तिने लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. या जिल्ह्यात देवीला मुली सोडल्या जात. कर्नाटकात त्याविरुद्ध १९८२ चा कायदा आहे. ज्या घराने ते भोगलंय, त्या घरात ‘देवळाला वाहिलेली मुलगी’ हे गूढरम्य कथानक म्हणून वाचता येत नाही. करणीचंही तसंच. जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला, कर्नाटकात २०१७ साली विधिमंडळाने केला. यावरून एवढं तर कळतं की करणी हा इकडे गोष्टीतला नव्हे, पंचनाम्यातला शब्द आहे.

आणि म्हणूनच खरी अडचण भाषांतरात येते. नार्नियातल्या बर्फाच्या राणीला मराठीत काय म्हणायचं? ‘चेटकीण’ म्हटलं तर ती आजीच्या गोष्टीतली होते, कुणी घाबरत नाही. ‘हडळ’ म्हटलं तर ती मेलेली बाई. ‘करणी करणारी’ म्हटलं तर गल्लीतल्या एखाद्या एकट्या विधवेकडे बोट जातं. ‘देवचार’ तर त्याहून अवघड. कॅम्पातल्या गोव्याकडच्या कॅथलिक घरात देवचार म्हणजे साक्षात सैतान. कोकणातल्या हिंदू घरांत देवचार गावाचा राखणदार, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. दोन्ही प्रकारची घरं आमच्या गल्लीत समोरासमोर. एकाच पानावर एक पोर दचकेल, दुसरं निश्चिंत होईल. सिंहाचंही बघा. बायबलच्या प्रकटीकरणातला ‘यहूदा वंशाचा सिंह’ संडे स्कूलच्या मुलाला पाठ असतो, आणि नरसिंहाची गोष्ट त्याला शाळेतल्या मित्राने सांगितलेली असते. नार्नियातला सिंह मरून उठला की त्याच्या डोक्यात दोन्ही जागे होतात. यात मला तरी काही बिघडलेलं दिसत नाही. स्टीफन्सने वैकुंठ म्हटलं तेव्हाही वाचकाच्या डोक्यात दोन घरं असणारच.

मावशीला मी सांगितलं, अंगात येत नाही, पण एका राजपुत्राला रोज रात्री तासभर खुर्चीला बांधून ठेवतात, कारण तेव्हा तो वेड्यासारखं करतो. खरं तर त्या एका तासातच तो शुद्धीवर असतो.

“मग बांधतात कशाला?” मावशीने विचारलं.

नात म्हणाली, “आजी, तेच तर पुस्तकात आहे,” आणि पुस्तक घेऊन माळ्यावर गेली. चिठ्ठीच्या तळाशी रिकामी जागा होती. तिथे मी पेन्सिलीने लिहिलं : ‘माणसाला बांधून ठेवणं : आहे. आजीसोबत वाचावं.’