पंजे बर्फाचे, ऊन वऱ्हाडाचं

मेळघाटात गुरं राखणाऱ्या एका गवळीबुवांनी मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे केला. हिमाचलातला बर्फाळ डोंगर, पायांना रुंद जाळीच्या चौकटी बांधून चालणारा माणूस आणि त्याच्या मागे अनवाणी कुत्रा. "याचे पाय गारठत नाहीत काय जी?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांचा स्वतःचा कुत्रा तेव्हा पळसाच्या सावलीत जीभ बाहेर काढून पडला होता.

आधी माणसाच्या पायांतल्या त्या चौकटींविषयी. त्यांना स्नोशू म्हणतात. साठ किलोचा माणूस बुटाच्या एका पायावर उभा राहिला, तर त्याचं वजन साधारण 220 चौरस सेंटिमीटरवर पडतं. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पावणेतीनशे ग्रॅम. स्नोशूचं क्षेत्रफळ 1300 चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे तोच भार पन्नास ग्रॅमच्या आत येतो. तरीही भुसभुशीत बर्फात माणूस थोडा रुततोच, फक्त मांडीपर्यंत जात नाही. कुत्र्याला ही सोय नाही. हिमबिबट्याचे पंजे रुंद असतात, कुत्र्याचे नसतात. म्हणून शहाणा कुत्रा धन्याने दाबून केलेल्या वाटेवरूनच चालतो आणि मधूनमधून स्नोशूच्या मागच्या टोकावर पाय देऊन धन्याला पाडतो.

वसंताच्या सुरुवातीला खरी गंमत बर्फाच्या पृष्ठभागाची असते. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतो आणि वरचा ओला थर गोठून टणक पापुद्रा बनतो. सकाळी त्यावरून कुत्राही आरामात जातो. दुपारी पापुद्रा वितळतो, पाय आरपार जातात, त्याच्या धारदार कडा कुत्र्याच्या नडग्या खरचटतात. शिवाय शून्य अंशाजवळचा ओलसर बर्फ बोटांमधल्या केसांना चिकटून त्याचे गोळे होतात. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ तसा चिकटत नाही. उतारावरचा ओला बर्फ घसरण्याचा धोकाही दुपारीच वाढतो. त्यामुळे तिकडचे लोक पहाटे निघून लवकर परततात.

आता पाय गारठण्याचा प्रश्न. कुत्र्याच्या तळव्याकडे जाणाऱ्या धमन्यांभोवती बारीक शिरांचं जाळं असतं. धमनीतलं रक्त गरम, शिरेतून परतणारं थंड. दोन्ही शेजारून उलट दिशांनी वाहतात, तेव्हा उतरणाऱ्या रक्ताची उष्णता वर जाणाऱ्या रक्तात शिरते. तळव्यापर्यंत पोहोचतं ते बरंच निवलेलं रक्त, म्हणून बर्फाला देण्यासारखी उष्णता त्याच्याजवळ फारशी उरत नाही. आणि शरीरात परततं ते पुन्हा ऊबदार होऊन. जपानी संशोधकांनी 2011 साली पाळीव कुत्र्यांच्या तळव्यातली ही रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली. त्याआधी 1972 मध्ये ध्रुवीय कोल्ह्याचे आणि लांडग्याचे पाय उणे 35 अंशांच्या द्रवात ठेवून पाहिले गेले होते. तळव्याचं तापमान उणे एकच्या आसपास टिकून राहिलं, म्हणजे ऊती गोठण्याच्या जरा वरच.

पण म्हणून आपला गावठी कुत्रा उचलून हिमाचलात नेऊ नये. त्याचा तळवा तग धरेल. आखूड केसांचं पोट आणि कान धरणार नाहीत.

गोम अशी की कुत्र्याचं शरीर उष्णता राखण्यात तरबेज आणि बाहेर टाकण्यात कच्चं. माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला कामाचा घाम येतो तो फक्त तळव्यांना, आणि तेवढ्याने वऱ्हाडाचं ऊन भागत नाही. फाल्गुनात अकोल्याचा पारा चाळिशीकडे सरकतो. सुमारे अकराशे मीटर उंचीवरचं चिखलदरा त्याहून चार-पाच अंशांनी थंड, पण ते हवेपुरतं. ताजा बर्फ ऊन्हाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो. आपली काळी माती आणि काळा दगड जवळजवळ सगळं पिऊन घेतात. हाताची उलटी बाजू दगडावर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर तो कुत्र्याच्या पंजासाठीही फार तापलेला आहे असं समजावं.

उरतो एकच मार्ग, धापा. कुत्र्याचं नाक हा खरं तर आपल्या खिडकीतला कूलर आहे. नाकातल्या घड्यांची ओली अस्तरं म्हणजे वाळ्याची ताटी, आणि नाकपुडीतल्या खास ग्रंथी ती भिजवत ठेवणारा पंप. 1970 मधल्या प्रयोगांत दिसलं की तापलेला कुत्रा हवा मुख्यतः नाकाने आत घेतो आणि तोंडाने सोडतो, म्हणजे ओल्या अस्तरावरून ती एकाच दिशेने वाहते. श्वासांचा वेग मिनिटाला तीनशेच्या वर जातो. इतक्या वेगाने स्नायू दमून आणखी तापायला हवेत. पण हा वेग त्याच्या छातीच्या नैसर्गिक कंपनाशी, म्हणजे ती आपसूक हलते त्या लयीशी, जुळतो, त्यामुळे कष्ट कमी पडतात.

एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं. बर्फात धावून तापलेला कुत्रा बर्फ खातो, पण एक ग्रॅम बर्फ वितळताना जेमतेम 80 कॅलरी शोषतो. म्हणजे गारव्यासाठी बर्फापेक्षा नाकातलं पाणी सात पटींनी कामाचं. मात्र ते पाणी कुठून तरी यायला हवं. गुरांमागे दिवसभर फिरणाऱ्या कुत्र्यासाठी नाल्याचा डोह कुठे शिल्लक आहे, हे गवळ्याला पाठ असतं. शहरातून ट्रेकला कुत्रा आणणारे मात्र स्वतःची बाटली घेतात आणि त्याचं भांडं विसरतात.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश. 41 च्या वर गेलं की उष्माघात: झोकांड्या, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या. अशा वेळी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू नये, कारण फडकं तापून उष्णता आतच कोंडतं. सावलीत न्यावं, विहिरीचं पाणी अंगावर ओतत राहावं, वारा घालावा, आणि हे करता करताच जनावरांच्या डॉक्टरांकडे निघावं.

मे महिन्याचं पंचेचाळीस अंशांचं ऊन सगळ्यांत वाईट, असं आपण धरून चालतो. सावली आणि पाणी असेल तर कोरड्या हवेत कुत्र्याचा कूलर निदान चालतो तरी. जूनमध्ये पावसाआधीच्या उकाड्यात पारा सात-आठ अंशांनी उतरलेला असतो, पण हवेत आधीच बाष्प भरलेलं असल्यामुळे नाकातलं पाणी नीट उडत नाही. घरातला कूलर नुसता ओलावा फेकू लागला की अंगणातल्या कुत्र्याला सांभाळायचे दिवस आले.